पदवीचे वर्ष पाहून अर्ज बाजूला ठेवू नका : अमेरिकेतील मराठी डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील रेसिडेन्सी निवड समित्यांवर, वैद्यकीय परवाना मंडळांवर आणि रुग्णालयांच्या विभागप्रमुखपदी काम करणारी मराठी डॉक्टर मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. माझे आजोबा डॉक्टर होते, वडील डोळ्यांचे डॉक्टर होते, माझे एमएसपर्यंतचे शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि २०११ मध्ये पतीच्या नोकरीच्या निमित्ताने मी या देशात आले. त्या वेळी माझ्या हातून मोतीबिंदूच्या चार हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. त्यानंतरची शस्त्रक्रिया मी केली ती थेट २०२१ मध्ये, रेसिडेंट म्हणून (रेसिडेन्सी म्हणजे रुग्णालयातले विशेषज्ञतेचे प्रशिक्षण), माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली. मधल्या दहा वर्षांविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. ती माझी वाया गेली म्हणून हळहळण्यासाठी हे पत्र नाही; तशीच वर्षे आज दुसऱ्या कुणाची तरी चालू आहेत आणि त्यांचा अर्ज ज्यांच्या टेबलावर येतो, त्यांत आपल्यापैकी बरेच जण आहेत, म्हणून हे पत्र आहे.

आधी घराविषयी थोडे सांगते, कारण पुढची मागणी त्यातूनच आली आहे.

आजोबा एलसीपीएस, म्हणजे त्या काळची वैद्यकीय पदविका घेतलेले डॉक्टर होते. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी त्यांचा दवाखाना होता. ते नेत्रतज्ज्ञ नव्हते, पण खुपऱ्यांनी त्या काळी घरेच्या घरे बेजार असत, त्यामुळे आठवड्यातला एक दिवस त्यांना डोळ्यांच्या रोग्यांसाठी राखून ठेवावा लागे. पापणी उलटायची, आतल्या खरबरीत झालेल्या भागावर मोरचुदाचा खडा हलक्या हाताने फिरवायचा, डोळा धुवायचा आणि आठवड्याने पुन्हा बोलवायचे, एवढाच उपचार बराच काळ हाताशी होता. सल्फा आणि टेट्रासायक्लिनची मलमे नंतर आली. वारंवार संसर्ग होऊन पापणी आतून आक्रसली की पापण्यांचे केस आत वळतात, प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात आणि शेवटी डोळ्यात फूल पडते. आजोबा ते केस चिमट्याने एकेक करून उपटत असत. मला ते लख्ख आठवते, कारण कंदील धरण्याचे आणि पुढे विजेरी धरण्याचे काम घरातल्या मुलांकडे असे. रोग्याला ते एक प्रश्न न चुकता विचारत : "डोळ्यामुळे कोणतं काम अडलंय?" दिसते का, किती दिसते, हे त्यानंतर. कुणाचे सुईत दोरा ओवणे अडलेले असे, कुणाचे ज्वारी निवडणे, कुणाचे नोटा ओळखणे, कुणाचे विहिरीची पायरी उतरणे. उत्तरावरून डोळ्याचा नेमका कोणता भाग बिघडला असावा याचा अर्धा अंदाज त्यांना येत असे, आणि उपचाराचा उपयोग झाला की नाही हेही पुढच्या खेपेला त्याच प्रश्नाने कळत असे.

वडिलांनी डीओएमएस ही नेत्ररोगांची पदविका घेतली आणि १९७० च्या दशकात नेत्रशिबिरांतून शस्त्रक्रियांना सुरुवात केली. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो १९७६ मध्ये. शाळेला सुट्टी लागली की वर्गातली बाके बाहेर काढायची, जमीन फिनेलने पुसायची, भिंतींना चुना द्यायचा आणि दोन टेबलांवर आलटून पालटून शस्त्रक्रिया करायच्या. त्या काळच्या पद्धतीत डोळ्यातले गढूळ झालेले भिंग आवरणासकट बाहेर काढत. जखम मोठी असे. डोके हलू नये म्हणून दोन्ही कानशिलांशी वाळूच्या पिशव्या लावून रोग्याला उताणे झोपवत, आणि शेवटी काढलेल्या भिंगाच्या जागी जाड काचेचा चष्मा येई, दहा नंबरच्या आसपासचा. त्या चष्म्यातून समोरचे दिसे, पण सगळे मोठे आणि जवळ आल्यासारखे, आणि कडेचे जवळपास काहीच नाही. चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. वडील या गोष्टीने अस्वस्थ असत. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले ते १९४९ मध्ये, पण आमच्या तालुक्यापर्यंत ते यायला चार दशके लागली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ मध्ये भिंगे स्वस्तात तयार करायला घेतल्यानंतर ती आमच्यासारख्या दवाखान्यांच्या आवाक्यात आली. तेव्हा वडील पंचेचाळिशी ओलांडलेले होते, जिल्ह्यात त्यांचे नाव होते, आणि तरीही ते तीन महिने दवाखाना बंद ठेवून त्यांच्यापेक्षा वयाने लहान असलेल्या एका शल्यचिकित्सकाकडे सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालायला शिकायला गेले. परत आल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी जेमतेम सहा शस्त्रक्रिया केल्या, कारण हात बसेपर्यंत घाई करायची नाही असे त्यांनी ठरवले होते.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिले. नवे शिकायला, पुन्हा विद्यार्थी व्हायला, कमी वयाच्या माणसासमोर हात बांधून उभे राहायला परदेशी डॉक्टर तयार नसतात असा एक समज निवड समित्यांमध्ये असतो. मी तो स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. माझ्या घरात तर शिकवणच नेमकी उलटी होती, आणि माझ्यासोबत अर्ज करणाऱ्या बहुतेकांच्या घरांतही ती तशीच होती.

आता इकडचे. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसावरील व्यक्तीसोबत, आलेल्या जोडीदाराला तेव्हा काम करण्याची परवानगीच नव्हती. ती मे २०१५ पासून मिळाली, तीही पतीची किंवा पत्नीची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यावर पोहोचली असेल तरच. तोवरची चार वर्षे मी घरी राहून यूएसएमएलई या अमेरिकी वैद्यकीय परवान्याच्या परीक्षा दिल्या, परदेशी पदवीधरांना रेसिडेन्सीसाठी लागणारे ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र मिळवले, आणि दीड तासाच्या अंतरावरच्या वैद्यकीय ग्रंथालयात बसून जुन्या-नव्या नियतकालिकांचे वाचन केले. परवानगी हाती आल्यावर एका नेत्रचिकित्सालयात तंत्रज्ञ म्हणून नोकरी धरली. काम प्रामाणिक होते आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही : रोग्याची माहिती लिहून घ्यायची, अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचा, डोळ्यातला दाब मोजायचा, बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे. अट एकच होती, की मी डॉक्टर आहे हे रोग्यांना सांगायचे नाही. कायद्याच्या दृष्टीने ती अट बरोबर होती. परवाना नसलेल्या माणसाने स्वतःला डॉक्टर म्हणवून घेऊ नये, हे मला तेव्हाही मान्य होते, आजही आहे.

एका दुपारी सत्तरीची एक बाई आली. दोन दिवस अर्धे डोके ठणकत होते, उलट्या होत होत्या. त्याआधी दुसरीकडे तिला अर्धशिशीची औषधे दिली गेली होती. डोळा लाल, बुबुळ धुरकट, बाहुली अर्धवट मोठी होऊन तशीच थबकलेली. दाब मोजला तर ५८, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या अडीचपटीहून जास्त. काचबिंदूचा असा झटका आल्यावर मज्जातंतूकडे किती तास उरतात हे मला माहीत होते, कोणते औषध आधी द्यायचे आणि दाब उतरल्यावर लेसरने बुबुळामागच्या पडद्याला छिद्र कुठे पाडायचे हेही माहीत होते, कारण ते मी कितीतरी वेळा केलेले होते. त्या दिवशी मी आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या, दुसऱ्या इमारतीत असलेल्या डॉक्टरांना तीनदा फोन लावला आणि त्या बाईचा हात धरून पंचवीस मिनिटे बसून राहिले. डॉक्टर आले, त्यांनी सगळे नीट केले आणि डोळा वाचला. त्यांची काहीच चूक नव्हती. पण त्या पंचवीस मिनिटांत मी आजोबांचा प्रश्न मनातल्या मनात कितीदा तरी विचारला, तो या वेळी स्वतःला.

रेसिडेन्सीसाठी मी तीन वर्षे ओळीने अर्ज केले. आपल्याला ठाऊकच आहे की नेत्ररोगशास्त्राच्या जागांचे वाटप इतर शाखांच्या आधी आणि वेगळ्या यंत्रणेमार्फत होते, आणि देशभरात मिळून दरवर्षी जेमतेम पाचशेच्या आसपास जागा असतात. १९९७ च्या कायद्याने मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या पैशांतून चालणाऱ्या प्रशिक्षणाच्या जागांवर जी मर्यादा घातली, तिच्यामुळे जागा वाढवणे रुग्णालयांना अवघड झाले, हेही खरे. एवढ्या थोड्या जागांसाठी अर्जांचा ढीग येतो, म्हणून संगणकाला सांगितले जाते, की पदवी मिळून पाच वर्षांहून अधिक काळ झालेले अर्ज बाजूला काढ. माझे पहिले दोन अर्ज कुणी वाचलेच नाहीत हे मला नंतर कळले. ते यंत्रानेच वगळले होते. शस्त्रक्रियांची नोंदवही, गुंतागुंतीच्या प्रसंगांचा हिशेब, शिकवलेल्या कनिष्ठ डॉक्टरांची यादी हे सारे जोडलेले होते, पण त्या पानापर्यंत माणसाची नजर पोहोचलीच नाही.

तिसऱ्या वर्षी पोहोचली. एका विद्यापीठातील विभागप्रमुख मराठी होते. त्यांनी फाईल उघडली, नोंदवही पाहिली, मला फोन केला आणि आधी एक वर्ष संशोधन साहाय्यक म्हणून बोलावून घेतले. त्या वर्षभरात त्यांनी मला सरावाच्या प्रयोगशाळेत डुकराच्या डोळ्यांवर काम करायला लावले, स्वतः शेजारी बसून पाहिले, सहकाऱ्यांना पाहायला बोलावले, आणि मग समितीपुढे माझी बाजू मांडली. माझ्यावर त्यांचे उपकार आहेत असे मी म्हटले की ते रागावतात; मी फक्त फाईल वाचली, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. पण त्यांनी जे केले त्याला ना कायदा बदलावा लागला, ना नवा पैसा लागला, ना गुणवत्तेत तडजोड करावी लागली. जे एका समितीत होऊ शकले, ते पन्नास समित्यांत का होऊ नये, हा या पत्राचा गाभा आहे.

गुणवत्तेचा विषय निघालाच आहे तर एक आकडा मांडते. या देशात रेसिडेन्सी पूर्ण करताना प्रमुख शल्यचिकित्सक म्हणून मोतीबिंदूच्या किमान ८६ शस्त्रक्रिया झालेल्या असाव्या लागतात. बरेच जण त्याहून अधिक करतात, आणि उत्तम करतात. त्या प्रशिक्षणाविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझ्या प्रशिक्षणातून मला जे मिळाले, मज्जातंतूंच्या विकारांचा काटेकोर अभ्यास, बालकांच्या डोळ्यांची तपासणी, रोग्याला प्रत्येक धोका समजावून सांगून संमती घेण्याची शिस्त, ते मला आधी पुरेसे येत नव्हते, हे मी मोकळेपणाने मान्य करते. त्यामुळे परदेशात शिकलेल्या प्रत्येकाला सरसकट परवाना द्या, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्याच्या हातून हजारो शस्त्रक्रिया झाल्या आहेत त्याला आणि ज्याने अजून सुरी हातात धरलेली नाही त्याला, एकाच पहिल्या पायरीवर उभे करण्याआधी कुणीतरी त्याचे हात पाहावेत. मदुराईला लहान छेदाची शस्त्रक्रिया शिकायला जगभरातून डॉक्टर जातात, त्यांत अमेरिकेतलेही असतात. तिथले किंवा तशाच एखाद्या संस्थेतले शिक्षक जेव्हा इथे येतात, तेव्हा त्यांच्याकडे एखाद्या चिकित्सालयात थेंब घालण्याचे काम येते. पिकून तपकिरी, दगडासारखा झालेला मोतीबिंदू इथल्या ग्रामीण भागात आणि विमा नसलेल्या लोकांत मी आजही पाहते, आणि त्याला कोणती पद्धत योग्य हे ठरवताना मला वडिलांचे शिबीर आठवते.

गरज आहे का, असे कुणी विचारील. २०२० ते २०३५ या काळाचा अंदाज बांधणाऱ्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांचे मनुष्यबळ १२ टक्क्यांनी घटेल आणि त्यांची गरज २४ टक्क्यांनी वाढेल. लोकसंख्या वयस्क होत आहे, मधुमेह वाढतो आहे, आणि निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. मी जिथे काम करते त्या काउंटीत माझ्याआधी चार वर्षे नेत्रशल्यचिकित्सक नव्हता. लोक पावणेदोन तास गाडी चालवून जात, आणि ज्यांचे गाडी चालवणेच डोळ्यांमुळे अडलेले, ते जात नसत. "कोणतं काम अडलंय?" हा प्रश्न मी इंग्रजीतून विचारते तेव्हा इथे मिळणारे पहिले उत्तर बहुधा रात्री गाडी चालवण्याचे असते, त्याखालोखाल इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा वाचण्याचे. मधुमेही माणूस सिरिंजवरच्या रेघांचा अंदाज करून औषध घेतो आहे, हे ऐकल्यावर मोतीबिंदू ही केवळ दृष्टीची गोष्ट राहत नाही.

आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना आता थोडे मागे नेते. १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाला, त्याच वर्षी मेडिकेअरही आले, आणि डॉक्टरांची टंचाई असल्यामुळे परदेशी डॉक्टरांसाठी दार उघडले गेले. आपल्यातले अनेक जण, किंवा आपले आई-वडील, त्या दारातून आत आले. १९७६ च्या कायद्याने डॉक्टरांची टंचाई उरलेली नाही असे मानून ते दार बरेचसे लोटले. जे आधी आले त्यांच्या कष्टांना मी जराही कमी लेखत नाही; थंडीच्या दिवसांत, कुणीही घ्यायला तयार नसलेल्या रुग्णालयांत, रात्रपाळ्या करून त्यांनी नाव कमावले. पण काही घरगुती संमेलनांत मी ऐकते, की आम्ही केले, मग यांना काय अवघड आहे? अवघड हे आहे, की दार तेच राहिलेले नाही. आज जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेणाऱ्याला नंतर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, किंवा टंचाईच्या भागात तीन वर्षे काम करण्याच्या अटीवर सूट मिळवावी लागते. ही सूट देणारी योजना १९९४ मधली, प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागांपुरती, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांत प्राथमिक उपचार करणाऱ्यांना प्राधान्य. ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत अशी मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्या डॉक्टरची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांसाठीच्या एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घातला, जो एखाद्या छोट्या ग्रामीण रुग्णालयाला पेलणे कठीण आहे. तेव्हा आम्ही केले तसे यांनी करावे, हे वाक्य कृपया पुन्हा एकदा तपासून पाहावे.

काही राज्यांनी पावले उचलली आहेत. २०२३ मध्ये टेनेसीने परदेशात प्रशिक्षण पूर्ण केलेल्या डॉक्टरांसाठी इथली रेसिडेन्सी पुन्हा न करता तात्पुरत्या परवान्याचा मार्ग काढला, त्यानंतर फ्लोरिडा, व्हर्जिनिया आणि आणखी काही राज्यांनी आपापल्या पद्धतीने तसे कायदे केले. मी या कायद्यांचे स्वागत करते, पण त्यांवर विसंबून राहण्यात धोका आहे. राज्याने परवाना दिला तरी विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र देणारे मंडळ वेगळे असते, रुग्णालयात शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार देणारी समिती वेगळी, विमा कंपनीच्या यादीत नाव घालणारे कार्यालय आणखी वेगळे. नेत्ररोगशास्त्राचे मंडळ तर १९१६ मधले, या देशातल्या विशेषज्ञ मंडळांतले पहिले. त्याचा दर्जा टिकावा असे आपल्या सर्वांनाच वाटते. या चार दारांपैकी एकच उघडले तर डॉक्टर परवाना खिशात घालून ओसरीवरच उभा राहतो. आपल्यापैकी जे परवाना मंडळांवर आहेत आणि ज्यांचे म्हणणे राज्याच्या विधिमंडळात ऐकले जाते, त्यांनी नेमके हे सांगावे : कायद्यासोबत प्रत्यक्ष कौशल्याची देखरेखीखालील परीक्षा हवी, ती उत्तीर्ण होणाऱ्यासाठी रेसिडेन्सीचा काळ कमी करण्याची सोय हवी, आणि रुग्णालये व विमा कंपन्या या दोघांनी ती मान्य करायला हवी. यातले तपशील आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

निवड समित्यांवरील मंडळींकडे माझी मागणी याहून सोपी आहे. पदवीच्या वर्षाची चाळणी संगणकाला लावू देऊ नका. लावावीच लागली, तर ज्या अर्जदाराच्या नावावर परदेशातील पूर्ण विशेषज्ञ पदवी आणि शस्त्रक्रियांची नोंदवही आहे, त्याचा अर्ज माणसाने वाचायचा असा एक अपवाद ठेवा. मधल्या रिकाम्या वर्षांचे कारण विचारा. ती वर्षे फार वेळा बाईच्या अर्जात असतात आणि कारण फार वेळा व्हिसा, बाळंतपण किंवा दोन्ही असते, आळस क्वचितच. आपल्या चिकित्सालयात उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला एकदा विचारा, की आधी काय करत होतात? मला तीन वर्षांत हा प्रश्न एकाही डॉक्टरने विचारला नाही, एका रोग्याने मात्र विचारला. आणि निरीक्षक म्हणून चार आठवडे उभे राहू देण्यासाठी पैसे घेण्याची जी पद्धत काही ठिकाणी रुजली आहे, ती निदान आपल्या विभागात तरी थांबवा. ज्याच्याकडे नोकरीच नाही त्याच्याकडून उभे राहण्याचे भाडे घेणे आपल्याला शोभत नाही.

वारशाविषयीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. डॉक्टरांच्या घरात जन्मल्याचा मला फायदा झाला. परीक्षांचे शुल्क वडिलांनी भरले, अपयश आल्यावर काय करायचे हे सांगणारे माणूस घरात होते, आणि शस्त्रक्रियेचा आत्मविश्वास लहानपणापासून पाहण्यातून आला होता. ज्यांच्या घरात आधी कुणी डॉक्टर नव्हते, ज्यांनी कर्ज काढून पदवी घेतली, ते दुसऱ्या अपयशानंतर थांबतात, आणि ते थांबले हे आपल्याला कळतही नाही. आपल्या मुला-मुलींना समितीतले एखादे काका किंवा मावशी फोनवर मार्ग सांगतात. यात गैर काही नाही, प्रत्येक समाज आपल्यांना सांभाळतो. पण तो फोन जर फक्त ओळखीच्या आडनावांपर्यंत पोहोचत असेल, तर आपण वारसा पुढे नेत नाही, नुसती जागा राखून ठेवतो. माझा रोख कुणा एकावर नाही.

मायदेशातच का राहिला नाहीत, असाही प्रश्न मला विचारला जातो, आणि तो रास्त आहे. भारतात मोतीबिंदूचे रुग्ण संपलेले नाहीत आणि वडिलांना माझी गरज होती. मी आले ते संसार एकत्र राहावा म्हणून, आणि त्या निर्णयाचे ओझे मी वागवते. वडिलांचा दवाखाना आता एक तरुण डॉक्टर दांपत्य चालवते, फेकोचे, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याचे, यंत्र त्यांनी घेतले आहे, आणि वर्षातून तीन आठवडे तिथे जाऊन मी त्यांच्यासोबत बसते. पण एकदा माणूस इथे आला, त्याचे घर इथे झाले, त्यानंतर त्याला दहा वर्षे निकामी ठेवल्याने भारतातल्या एकाही रोग्याला दृष्टी मिळत नाही. त्याच्या जाण्याने तिकडचे नुकसान झालेलेच असते. इकडे त्याला काम नाकारले की ते दुप्पट होते.

आपल्या शाखेत रोज वापरले जाणारे एक औषध आठवावे. डोळ्यावर शस्त्रक्रिया करण्याआधी आपण बधिर करणारे थेंब घालतो. ही कल्पना १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी सिद्ध केली, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. हायडेलबर्गच्या परिषदेला जाण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला. ज्यू असल्यावरून झालेला अपमान त्यांना सोसावा लागला, एका सहकाऱ्याशी द्वंद्वयुद्धापर्यंत प्रकरण गेले, आणि ज्या शहरात त्यांनी शोध लावला तिथे त्यांना हवी असलेली जागा मिळाली नाही. १८८८ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, तिथे नेत्रतज्ज्ञ म्हणून त्यांना काम करू दिले गेले आणि त्यांनी ते आयुष्यभर केले. आपण सगळे, इथे जन्मलेले आणि बाहेरून आलेले, रोज सकाळी पहिल्या रोग्याच्या डोळ्यात थेंब घालतो तेव्हा एका स्थलांतरित नेत्रतज्ज्ञाचे काम पुढे चालवत असतो.

शेवटी माझ्या बाजूने काय करते आहे ते कळवते. महिन्यातले दोन शनिवार मी परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या नेत्रतज्ज्ञांचे अर्ज वाचण्यासाठी ठेवले आहेत. त्यांची नोंदवही नीट मांडायला, रिकाम्या वर्षांचे कारण स्पष्ट लिहायला आणि इथली पद्धत समजून घ्यायला मदत करते. सरावासाठी सूक्ष्मदर्शक आमच्या चिकित्सालयात संध्याकाळी मोकळा असतो. सध्या माझ्याकडे चार जणांच्या फायली आहेत. त्यांतली एक बाई अकोल्याकडची आहे, सहा वर्षे जिल्हा रुग्णालयात काम केलेली, आणि सध्या एका चष्म्याच्या दुकानात हिशेब पाहते. तिच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. घरात पहिली डॉक्टर तीच. तिची फाईल येत्या हंगामात आपल्यापैकी कुणाच्या तरी समितीपुढे येईल. पदवीचे वर्ष पहिल्याच पानावर आहे आणि शस्त्रक्रियांची नोंद अकराव्या पानावर. कृपया अकराव्या पानापर्यंत जावे.

आपली विश्वासू,
एक नेत्रशल्यचिकित्सक